सबवूफर गप्प बसलाय? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

टीव्हीचा आवाज येतोय, समोरचे स्पीकर वाजतायत, पण कोपऱ्यातला तो मोठा खोका मात्र ढिम्म. स्फोट झाला तरी छातीत धडधड नाही. होम थिएटर असलेल्या घरांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी बहुतेक जण थेट ठरवून टाकतात की "वूफर उडाला". मग दुरुस्तीचा खर्च, नाहीतर नवीन सेट.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसात बग शोधताना आम्ही आधी विचारतो, "बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे?" तोच प्रश्न इथे विचारायचा. मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरी असे बरेच गप्प सबवूफर मी पाहिलेत, आणि त्यातल्या अनेकांत सबवूफर ठणठणीत होता. त्याच्यापर्यंत आवाजच पोहोचत नव्हता. चला तर मग, क्रमाने पाहू.

आधी ओळखा: तुमचा सबवूफर कोणत्या प्रकारचा?

पुढच्या सगळ्या तपासण्या यावर अवलंबून आहेत.

१. ॲक्टिव्ह सबवूफर: याला स्वतःची पॉवर केबल असते, अँप्लिफायर आतच असतो. रिसिव्हरमधून एकच आरसीए केबल येते.

२. पॅसिव्ह सबवूफर: याला पॉवर केबल नसते. रिसिव्हरमधून दोन तारांची स्पीकर वायर येते.

३. मल्टिमीडिया ५.१ सेट: आपल्याकडे खूप घरांत हाच असतो. यात अख्ख्या सेटचा अँप्लिफायर वूफरच्याच खोक्यात असतो आणि छोटे स्पीकर त्याला जोडलेले असतात.

४. साउंडबारचा वायरलेस सबवूफर: फक्त पॉवर केबल, सिग्नल हवेतून.

टप्पा १: वीज पोहोचतेय का?

मागचा स्विच 'ऑन' आहे का बघा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. बऱ्याच ॲक्टिव्ह सबवूफरमध्ये लाल दिवा म्हणजे स्टँडबाय आणि हिरवा किंवा निळा म्हणजे चालू. दिवाच लागत नसेल तर फ्यूज पाहा. अनेक मॉडेलमध्ये तो मागे पॉवर सॉकेटजवळ छोट्या कप्प्यात असतो. प्लग भिंतीतून काढा आणि मगच कप्पा उघडा.

फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा घ्या. "तात्पुरती तार गुंडाळू" हा उद्योग अजिबात करू नका. फ्यूज आतलं सर्किट आणि तुमचं घर आगीपासून वाचवायला असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर बिघाड आत आहे. तिथे थांबा.

दिवा लालच राहत असेल तर 'ऑटो स्टँडबाय'वर संशय घ्या. या मोडमध्ये सिग्नल आला की सबवूफर आपोआप जागा होतो. पण रात्री आवाज कमी ठेवला की सिग्नल इतका बारीक असतो की त्याला जागच येत नाही. स्विच 'ऑटो'वरून 'ऑन'वर करा. तसं नको असेल तर रिसिव्हरमधली सबवूफर लेव्हल थोडी वाढवा आणि सबवूफरवरचा व्हॉल्यूम, म्हणजे गेन, तेवढा कमी करा. ऐकू येणारा आवाज साधारण तेवढाच राहतो, पण सिग्नल जोरकस जातो.

टप्पा २: दोष कुठल्या बाजूला? फोनने ठरवा

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी, कारण एका झटक्यात अर्धं काम होतं. ॲक्टिव्ह सबवूफरची केबल काढा. ३.५ एमएम ते आरसीए केबल घ्या, ती फोनला लावा आणि दुसरं टोक सबवूफरच्या 'लाइन इन' किंवा 'एलएफई' सॉकेटमध्ये घाला. फोनला हेडफोन जॅक नसेल तर टाईप-सी अडॅप्टर लागेल. सबवूफरचा गेन पाव ठेवा, फोनवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि आवाज हळूहळू वाढवा. घुमणारा आवाज आला की लगेच बंद करा. एकसलग टोन मोठ्या आवाजात वाजवत राहिलात तर व्हॉइस कॉइल तापून जळू शकते.

वाजला? मग सबवूफर ठीक आहे. दोष केबल, रिसिव्हर किंवा सेटिंगमध्ये. नाही वाजला? मग दोष सबवूफरमध्ये. वाजला असेल तर आता मूळ आरसीए केबलच्या जागी दुसरी कुठलीही आरसीए केबल लावून बघा. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी केबलसुद्धा तपासणीपुरती चालते. रिसिव्हरकडचं टोक 'सबवूफर प्री-आउट' किंवा 'सब आउट' लिहिलेल्या सॉकेटमध्येच आहे ना, हेही पाहा.

पॅसिव्ह सबवूफरसाठी याहून सोपी युक्ती. रिसिव्हर बंद करून वायर त्याच्यापासून सोडवा आणि तिची दोन टोकं १.५ व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. 'ठप्' असा आवाज आला आणि कोन किंचित हलला तर कॉइल शाबूत आहे. काहीच हललं नाही तर वायर तुटली असेल किंवा कॉइल गेली असेल. घरात मल्टिमीटर असेल तर ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण ६ ओहम दिसतात. काहीच आकडा येत नसेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय.

टप्पा ३: सेटिंगचा घोळ

५.१ मधला '.१' म्हणजे एलएफई, खोल आवाजासाठीचा वेगळा चॅनल. त्याची हद्द १२० हर्ट्झपर्यंत. सिनेमागृहांत डॉल्बी डिजिटलने १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून हा प्रकार रूढ केला. पण मालिका, बातम्या आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ स्टिरिओ असतात. त्यांत एलएफई नसतोच. मग सबवूफरला बेस मिळतो कुठून? रिसिव्हर समोरच्या स्पीकरचा खालचा आवाज काढून त्याला देतो, तेव्हाच.

नेमकी इथेच गोची होते. रिसिव्हरच्या मेनूत समोरचे स्पीकर 'लार्ज' असतील तर तो समजतो की सगळा बेस तेच पेलतील, आणि सबवूफरला काहीच पाठवत नाही. माइक लावून केलेलं ऑटो कॅलिब्रेशनही कधीकधी स्पीकरला परस्पर 'लार्ज' ठरवतं. माझ्या एका काकांना दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलायला सांगितलं होतं. सिनेमात सबवूफर वाजायचा, मालिका लावली की गप्प. बोर्ड खराब असता तर त्याने असा भेदभाव केला नसता. मी स्पीकर 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला आणि काम झालं.

तुमच्या मेनूत हे चार मुद्दे पाहा:

- सबवूफर: 'यस' किंवा 'ऑन'
- समोरचे स्पीकर: 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास
- सबवूफर लेव्हल: अगदी तळाला नाही ना?
- साउंड मोड: 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट' नको, काही रिसिव्हरमध्ये त्यात सबवूफर बंद होतो

मग रिसिव्हरचा स्वतःचा टेस्ट टोन चालवा. त्यात सबवूफर घुमला, पण सिनेमात गप्प राहिला, तर टीव्हीचं सेटिंग बघा. डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर एआरसी किंवा ऑप्टिकल केबलमधून फक्त दोन चॅनल जातात. ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करा. ओटीटी ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ निवडलंय का, तेही पाहा.

मल्टिमीडिया सेटवाल्यांनो, तुमच्या रिमोटवर वूफरचा व्हॉल्यूम वेगळा असतो. तो कोणीतरी शून्यावर नेलेला असू शकतो. दुसरं म्हणजे इनपुट ५.१ वर आणि केबल मात्र एकच हिरवी, असं असेल तर वूफर गप्प बसू शकतो. कॉम्प्युटरच्या रंगसंगतीत सेंटर आणि सबवूफरची केबल केशरी असते. एकच केबल असेल तर इनपुट 'ऑक्स'वर न्या.

वायरलेस सबवूफर असेल तर

दिवा सतत लुकलुकत असेल तर जोडी तुटली आहे. साउंडबार आणि सबवूफर दोन्ही प्लगमधून काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. तरी जमलं नाही तर मॅन्युअलप्रमाणे मागचं 'पेअर' बटण वापरा. वायफाय राउटर आणि लोखंडी कपाट यांच्यापासून सबवूफर जरा दूर ठेवा.

वाजतोय, पण जाणवत नाही?

कोनवर हलकं बोट ठेवा. तो थरथरत असेल आणि तरीही सोफ्यावर बेस नसेल, तर दोष खोलीचा आहे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर भरते. ती भिंतींवर आपटून परतते आणि काही ठिकाणी स्वतःलाच रद्द करते. सबवूफर दोन-तीन फूट सरकवा, नाहीतर फेजचा स्विच ० वरून १८० वर करून फरक ऐका.

आता मेकॅनिकला बोलवा

फोनची चाचणी नापास झाली, जळका वास आला किंवा फ्यूज पुन्हापुन्हा उडतोय, तर खोका स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो आणि जोरदार शॉक बसू शकतो. वॉरंटी असेल तर तीही जाते.

फोन करताना "वूफर बंद आहे" एवढंच सांगू नका. "दिवा हिरवा आहे, केबल बदलली, फोनवरूनही आवाज नाही, फ्यूज ठीक आहे" असं सांगा. मग समोरचा माणूस अंदाजाने बोर्ड बदलायला सांगणार नाही. सांगितलंच तर "नेमकं काय गेलंय?" असं विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.