वन्संचं इंजेक्शन आणि सोयाबीन



गेल्या चातुर्मासात आमच्या वन्संचं डायलिसिस सुरू झालं. रक्त वाढावं म्हणून डॉक्टरांनी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन लिहून दिलं. वन्संनी विचारलं, "वहिनी, यात कुणाचा जीव तर गेला नाही ना?" मी बी.कॉम. झालेली, विज्ञान दहावीपर्यंतचं. तरी जमेल तेवढं वाचलं. त्याचाच हा जमाखर्च.

एरिथ्रोपोएटिन हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं प्रोटीन. मूत्रपिंड थकलं की ते कमी पडतं आणि रक्त कमी होतं. या प्रोटीनला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. ते काम जिवाणूंना नीट जमत नाही, म्हणून माणसाचा जीन सस्तन प्राण्याच्या पेशीत घालून त्या पेशी वाढवतात. या कामाला बहुधा चायनीज हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी वापरतात. अमेरिकेत डेन्व्हरला थिओडोर पक यांनी त्या १९५७ च्या सुमारास वेगळ्या केल्या. आजच्या पेशी त्यांच्याच वंशातल्या, दर वेळी नवा प्राणी लागत नाही.

खरा प्रश्न आहे त्या पेशींच्या आहाराचा. पेशींना कोणती अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं लागतात, हे हॅरी ईगल यांनी १९५५ च्या सुमारास शोधलं. पण नुसत्या तेवढ्यावर पेशी तगत नसत, सीरम घालावं लागे. ते मिळे कत्तलखान्यात कापलेल्या गाभण गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून. हे वाचलं आणि मी वाचन थांबवून णमोकार म्हटला. १९६५ मध्ये रिचर्ड हॅम यांनी हॅम्स्टरच्या पेशी सीरमशिवाय वाढवून दाखवल्या, तरी सीरमचा वापर पुढे बरीच वर्षं चालला. काही ठिकाणी मांसापासून केलेलं पेप्टोनही घालत.

मग १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये गायींचा 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला. शाकाहारी गायींना मांस-हाडांचा चुरा खाऊ घातल्यामुळे तो पसरला होता. १९९६ मध्ये इंग्लंड सरकारने जाहीर केलं की माणसांतल्या एका जीवघेण्या मेंदूरोगाचा याच्याशी संबंध असावा. औषधं करणारे घाबरले. गायीचं काहीच नको, म्हणून पेशींना सोयाबीन आणि गव्हाचं प्रोटीन खाऊ घालण्यावर भर आला. पपईच्या चिकातल्या पॅपेनसारख्या एन्झाइमने सोयाबीनच्या प्रोटीनचे बारीक तुकडे करतात आणि गाळून पोषणद्रवात घालतात. त्यावर पेशी वाढतात आणि प्रोटीनही जास्त देतात.

यातही अडचण होतीच. दर वर्षीची तूरडाळ सारखी शिजत नाही, तसं सोयाबीनच्या प्रत्येक खेपेत थोडा फरक पडतो. म्हणून आता अनेक कारखाने घटक मोजून केलेलं पोषणद्रवच वापरतात.

मैत्रिणींनो, हा बदल दयेतून आला नाही, भीतीतून आला. तरी त्यामुळे अनेक ठिकाणी वासराचं रक्त लागेनासं झालं, हे जमेच्या बाजूला लिहायलाच हवं. हॅम्स्टरचा तो पहिला खर्च मात्र पुसता येत नाही.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण टाळायची. आजाऱ्याने जगण्यासाठी घेतलेलं औषध मी तरी संकल्पी हिंसेत धरत नाही. मी वन्संना सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, "औषध घ्या. पण बनवणाऱ्यांना आपण पत्र लिहून विचारू, पेशींना काय खाऊ घालता."

वन्संनी इंजेक्शन घेतलं. पत्राचा मजकूर त्यांनीच सांगितला, मी लिहून घेतला. त्या सोयाबीनमागे दया नव्हती. विचारणारे वाढले तर पुढच्या बदलामागे ती असेल.

जय जिनेंद्र.