परळचे चिवट उंदीर

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. धुळ्याचा रस्ता आमच्या बारडोलीतूनच जातो. लिंबायत-उधन्यातले खानदेशी कामगार बिऱ्हाडासकट जाताना मी पाहिले. आजीचा प्रश्न एकच, "उंदीर पडले का रे?" तिच्या पिढीचा हिशेब सोपा होता: उंदीर पडला की घर सोडायचं, माळावर झोपडी घालायची.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. वर्गात सांगायची उंदरांची खरी गोष्ट मात्र मुंबईतल्या परळची. 1896 साली मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1905 पासून प्लेग संशोधन आयोगाची मंडळी परळच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. प्लेगच्या घरांत त्यांनी गिनीपिगांचे पिंजरे ठेवले, काहींभोवती चिकट कागद पसरला. पिसवा कागदाला चिकटल्या, आतले गिनीपिग वाचले; म्हणजे प्लेग पसरवत होत्या त्या पिसवाच.

त्याच कामात एक विलक्षण गोष्ट हाती लागली. जंतू टोचूनही मुंबईचे उंदीर पुष्कळदा मरत नसत; मद्रासचे पटापट मरत. मद्रासमध्ये प्लेग फारसा पोचलाच नव्हता. मुंबईत मात्र साथीने कमकुवत उंदीर केव्हाच टिपले होते आणि उरलेल्यांची पिल्लं चिवट निघाली होती. पुढे साहिब सिंग सोखी आणि चित्रे या संशोधकांनी 1930 नंतर हेच पुन्हा तपासलं. डार्विन शिकवताना गॅलापॅगोसच्या फिंच पक्ष्यांपेक्षा मला हे उदाहरण घरचं वाटे.

आज विज्ञान उलट्या दिशेने, मुद्दाम दुबळे उंदीर घडवायला निघालं आहे. 2009 मध्ये रॅटचा, म्हणजे मोठ्या उंदराचा, नेमका जनुक कापून निकामी करता आला. 2010 मध्ये क्योटोच्या संशोधकांनी प्रतिकारशक्तीचा असाच एक जनुक काढून टाकला. अशा उंदरात रक्षक पेशी धड तयारच होत नाहीत, म्हणून माणसाच्या कॅन्सरची गाठ रुजवली तरी शरीर ती झिडकारत नाही. असे माऊस, म्हणजे छोटे उंदीर, आधीपासून होते; खारघरच्या टाटा कॅन्सर संशोधन केंद्रातही ते पाळतात. पण रॅट वजनाने दहापट, त्यामुळे रक्त वारंवार घेता येतं, शस्त्रक्रियाही जमते. या दुबळ्या रॅटचे लाड मात्र भारी: गाळलेली हवा, निर्जंतुक भुसा, निर्जंतुक खाणं. शिवाय भारतात त्याच्यावर प्रयोग करायचा तर प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्याखाली नेमलेल्या समितीची देखरेख असते. परळच्या गिनीपिगांची अशी चौकशी कोणी केली नव्हती.