‘तृतीय रत्न’ आणि प्रौढांची रात्रशाळा

त्र्यंबकेश्वराचे विद्यमान पाषाणी देवालय ज्या नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले, त्यांच्याच अमदानीत पुण्यातील श्रावणमासाच्या दक्षिणेचा व्याप फार वाढला. १८१८ साली पेशवाई गेली. दक्षिणेचा निधी मात्र इंग्रज सरकारने मोडला नाही. पुढे त्यातील काही रक्कम मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळविण्यात आली व त्याकरिता दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. १८५५ साली जोतीराव फुले यांनी या कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक धाडले. ज्या निधीचा उगमच ब्राह्मणांना द्यावयाच्या दक्षिणेत, त्यातूनच दक्षिणेच्या उपहासास पारितोषिक मागावे, हा प्रकार नाटकाइतकाच बोचरा होता. नाटक नाकारले गेले.

कथानक साधे आहे. एका गरोदर कुणबिणीच्या दारी जोशी येतो, ग्रहपीडेचे भय घालतो आणि ते कुटुंब शांती व ब्राह्मणभोजनाच्या खर्चात पाडतो. ग्रहशांतीसाठी आजही त्र्यंबक क्षेत्री लोटणारे यजमान ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रसंग परका वाटू नये. भेद एवढाच की, क्षेत्रस्थ उपाध्यायाकडे यजमान आपल्या पायांनी जातो; फुल्यांचा जोशी पंचांग घेऊन घरात येतो, आणि भयही तोच बरोबर आणतो.

नाटकातील विदूषकाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष पुरवावयास हवे. संस्कृत नाटकातील विदूषक हा जातीने ब्राह्मण, भाषेने प्राकृत आणि स्वभावाने खादाड असतो. फुल्यांनी ही वाटणी उलटी केली. खादाडपणा जोशाकडे गेला. विदूषकाकडे राहिली ती केवळ जीभ, आणि ती कुणब्याच्या बाजूने चालते. जोशाच्या प्रत्येक युक्तीचा तो उलगडा करतो. वर्गात शिक्षकाने जे करावयाचे, ते येथे हे पात्र करते. पाद्र्याचा उपदेश मात्र लांबला आहे. तेवढ्या भागात उपहास मागे पडून नुसता वाद उरतो.

शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरविते. ही शाळा कल्पित नव्हे. त्याच १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी अशी शाळा आपल्या घरी चालविली होती. तेव्हा या नाटकाला शाळेची प्रस्तावना म्हणावयास हरकत नसावी. भाषादृष्ट्याही ते तिला सोयीचे होते. प्रौढाला भाषा येतच असते, त्याला नसतात ती अक्षरे. बालबोध क्रमिक पुस्तक त्याच्या अनुभवाला लहान करते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले होते आणि ग्रंथांची मराठी एका विशिष्ट वर्गाच्या बोलीभोवती स्थिरावत होती. अशा वेळी केवळ संवादांवर उभे असलेले, मोठ्याने वाचता येईल असे पुस्तक निरक्षराला ऐकूनही उमगले असते. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला तेव्हा बाराच वर्षे झाली होती, हेही ध्यानात घ्यावे. मराठी रंगभूमी पुराणकथांत रमली असता कुणब्याचे घर रंगस्थळी आणण्याचे धाडस येथे झाले.

परंतु ते पुस्तक त्या वर्गाच्या हाती छापील रूपात कधीच गेले नाही. कमिटीच्या नकारानंतर आपण ते बाजूस ठेवले, असे फुल्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. पुरोहितांच्या आयुष्यभराच्या आकारणीचा तोच विषय त्यांनी १८६९ साली ‘ब्राह्मणांचे कसब’ या पद्यात पुन्हा घेतला व ते पुस्तक मात्र छापले. गद्य सोडून पद्य का, याचे उत्तरही श्रोत्यातच शोधावे लागेल: जे वाचता येत नाही ते गाऊन पाठ होते.

धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी १९६९ साली सिद्ध केलेल्या ‘समग्र वाङ्मया’त हे नाटक नाही. ते प्रथम छापले गेले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. देशाचा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम त्यापूर्वी काही महिनेच, २ ऑक्टोबर १९७८ रोजी, सुरू झाला होता.