जमा आणि नावे

शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, हे आपण जाणताच. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. मुजुमदाराचा अमात्य झाला. जमा, खर्च, बाकी, वसूल हे अरबी मुळाचे शब्द मात्र हटले नाहीत. माझ्या मते कारण साधे आहे. पदाचे नाव एका दिवसात बदलते. हिशेबाचे तसे नाही. आजच्या कीर्दीत कालची शिल्लक ओढावीच लागते, आणि तिच्याबरोबर कालचा शब्दही येतो. पेशवाईतला फडणीस (मुळातला फर्दनवीस) तेच शब्द मोडीत लिहीत राहिला.

इंदूर-बडोद्याच्या जुन्या घरांत अशा वह्या अजून निघतात. वाचताना एक जपावे. ज्याच्याकडून रक्कम आली त्याच्या खात्यात ती जमा. ज्याला दिली त्याच्या नावे. देशी वहीत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. इंग्रजी वळणाच्या खातेवहीत नेमके उलट, डावी बाजू नावेची. शाळेत शिकलेल्या त्या सवयीने पणजोबांचे खाते वाचलेत, तर त्यांचा धनको तुम्हांला ऋणको वाटेल, आणि घराण्याने फेडलेले कर्ज येणे म्हणून सांगत बसाल!