मराठा स्वाराचे अश्वसाहित्य : खोगीर, खुर्जी व तोबरा

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाची साधने म्हणून तलवारी, पट्टे, भाले व ढाली यांचा संग्रह महाराष्ट्रात पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या घोडदळाच्या बळावर हा इतिहास घडला, त्यातील सामान्य स्वाराचे खोगीर, त्याची खुर्जी किंवा त्याच्या घोड्याचा तोबरा यांकडे संग्राहकांचे लक्ष त्या मानाने थोडेच गेले. याचे एक कारण उघड आहे. पोलाद गंजले तरी टिकते; कातडे, लोकर व सुती कापड यांस ओल, कसर व उंदीर ग्रासून टाकतात. दुसरे कारण मनोवृत्तीचे होय. तलवार देव्हाऱ्याजवळ राहते व दसऱ्यास पूजिली जाते. फाटके खोगीर उकिरड्यावर जाते. यामुळे लढाईच्या एका प्रहराचा पुरावा राहिला आणि मोहिमेच्या आठ महिन्यांचा पुरावा नाहीसा होत गेला.

या साहित्याचे स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. खोगीर म्हणजे लोकर, कापूस किंवा चिंध्या भरून शिवलेली जाड गादी. लाकडी सांगाड्यावर कातडे मढवून केलेल्या जिनाहून ती वेगळी. खोगीर जागचे हलू नये म्हणून पोटाखालून तंग आवळीत व मागे शेपटीखालून दुमची घेत. खुर्जी ही दोन तोंडांची पिशवी. तिचा मधला पट्टा घोड्याच्या पाठीवर राही व दोन्ही कप्पे दोहों अंगांस लोंबत. दोन्हीकडचा भार समान नसला तर पाठीस जखम होई, आणि पाठ सोललेला घोडा म्हणजे मोहिमेतून बाद झालेला स्वार. तोबरा दाण्याच्या चंदीसाठी, खरारा अंग साफ करण्यासाठी, आणि अगाडी व पिछाडी हे दोर मुक्कामी घोडा बांधण्यासाठी असत. इतके जवळ असले म्हणजे स्वाराला मागून येणाऱ्या सामानाची वाट पाहावी लागत नसे. मराठ्यांच्या चपळतेचे मर्म शोधताना या अल्प ओझ्याचा विचार अवश्य केला पाहिजे.

ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात पहिल्या बाजीरावाविषयी एक आख्यायिका दिली आहे. प्रतिपक्षाकडून आलेल्या चित्रकाराने बाजीरावास जसे पाहिले तसे रेखाटले : लगाम सैल, भाला खांद्यावर, दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसे चोळून दाणे खात चाललेला, आणि घोड्याचे दोर त्याच्याच तोबऱ्यात कोंबलेले. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तथापि तिच्यातील तोबऱ्याचा तपशील मोलाचा आहे. रिकाम्या तोबऱ्यात अगाडी-पिछाडी ठेवणे ही साध्या मराठा स्वाराची ओळखीची खूण असल्यावाचून कथेला अर्थच राहत नाही. सांगणाऱ्याला बाजीरावाचा साधेपणा सिद्ध करावयाचा होता. त्याच्या नकळत त्याने एका वस्तूचा उपयोग नोंदवून ठेवला.

अशा वस्तूंची मालकी कोणाची, हा प्रश्न संग्राहकास गौण वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकास तो गौण नाही. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा व सामान स्वतःचे आणी. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवकालीन पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असून तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला आढळतो. दसऱ्यास लष्कर कूच करताना लहानथोरांजवळील वस्तूंचा जाबता करावा आणि परत आल्यावर झाडा घेऊन अधिक निघेल त्याचा हिशेब करावा, असाही नियम तो सांगतो. या दृष्टीने स्वाराची खुर्जी ही नुसती पिशवी नव्हती. सरकार व शिपाई यांमधील हिशेबाचा तो एक कप्पा होता. तिच्यात काय गेले व काय आले, यावर राज्याची शिस्त पारखली जात असे.

इ. स. १८१८ नंतर या साहित्याचा आश्रय तुटला, पण परंपरा एकदम संपली नाही. १८१७ च्या पुणे येथील तहानुसार इंग्रजांच्या देखरेखीखाली जे घोडदळ उभारले गेले, त्यातून पुढे ‘पूना हॉर्स’ ही पलटण झाली. आपला घोडा व सरंजाम स्वाराने स्वतः पुरवावा, ही शिलेदारीची रीत इंग्रजांच्या हिंदी घोडदळात ‘सिल्हेदारी’ या नावाने दीर्घकाळ चालली. पहिल्या महायुद्धात तिचे दोष उघड झाले आणि १९२१ च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत ती बंद करण्यात आली. त्या सुमारास ३९ घोडदळ पलटणींच्या २१ झाल्या. दरम्यान इंग्रजी लष्करात १८९०, १९०२ व १९१२ या सालांचे ठराविक नमुन्यांचे जीन प्रचारात आले होते.

येथेच संग्राहकाने सावध राहिले पाहिजे. जुन्या बाजारातील प्रत्येक कातडी खुर्जी मराठेशाहीची नव्हे. यंत्राची एकसारखी शिवण असेल तर ती वस्तू, निदान तेवढी शिवण, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची नसणार. बाणाग्राची सरकारी खूण, छापलेले साल किंवा कारखान्याचा शिक्का असेल तर ती इंग्रजी लष्कराची समजावी. अशी वस्तू कमी मोलाची ठरत नाही; तिचे मोल निराळ्या इतिहासात आहे. मात्र शिक्का घासून काढून तिला अधिक प्राचीन भासविणे म्हणजे दोन्ही इतिहासांची हानी करणे होय.

याहून अधिक हानी सद्हेतूने होते. जुने कातडे चकचकीत करण्यासाठी तेल चोपडणे, फाटलेला तंग काढून नवा लावणे, खोगिरातील जुनी भरती टाकून नवा कापूस भरणे, हे सर्व दुरुस्तीच्या नावाखाली चालते. वस्तुतः घामाचा डाग, एका बाजूस अधिक झिजलेला पट्टा, स्वाराने हातशिलाईने लावलेले ठिगळ हीच त्या वस्तूची लिपी असते. भरतीत कोणती लोकर व कोणत्या चिंध्या वापरल्या, यावरून ती कोठे व किती खर्चात झाली याचा अंदाज करता येतो. म्हणून वस्तू मिळताच तिचे माप, वजन, मिळाल्याचे गाव व घराण्यातील माहिती टिपून ठेवावी. दुरुस्ती त्यानंतर, आणि शक्यतो करूच नये.

मराठी भाषेने ‘खोगीरभरती’ हा शब्द निरर्थक गर्दीसाठी राखून ठेवला आहे. स्वाराला मात्र त्या भरतीचे महत्त्व पुरते ठाऊक होते. ती नीट नसेल तर घोड्याची पाठ जाई आणि पाठोपाठ मोहीमही जाई. ज्या बारगिरांची नावे बखरींत आली नाहीत, त्यांच्या श्रमाचा स्पर्श झालेली साधने यापुढे हाती लागतील ती थोडीच असणार. ती आली तशीच नोंदवून जपणे हे मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे एक अपुरे राहिलेले काम आहे.