भंडाऱ्याच्या मुली कधीपासून कमावतात?

पदवी हातात घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलीबद्दल लिहिताना ‘बाई उंबरठा ओलांडून बाहेर पडली’ असं म्हणायची सवय आपल्याला पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने लावली. तिथे ते खरंही होतं. आधी शाळा, मग टाइपरायटर, मग बँकेचं काउंटर, अशी ती वाट आत्मचरित्रांतून नोंदलेली आहे. भंडारा जिल्ह्याला हे माप लावून पाहिलं की बसत नाही. इथल्या बायका पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करत होत्या, एप्रिल-मेमध्ये भल्या पहाटे जंगलात तेंदूपानं तोडत होत्या, घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होत्या. मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्टी विणकरांच्या घरांत तसर रेशमाच्या कोशाचा धागा काढत होत्या. तुमसरकडच्या मँगनीजच्या पट्ट्यात खाणींवर दगड फोडायला आणि वाहायलाही बायाच होत्या. थोडक्यात, या जिल्ह्यातली बाई कमावत नव्हती असा काळ दाखवणं कठीण आहे. तिची कमाई तिच्या नावावर लागत नव्हती, ही अडचण होती. आजच्या मुलीचे नोकरीचे अर्ज, तिची प्रमाणपत्रांची फाइल आणि तिचे कपडेसुद्धा याच जुन्या भांडणाचा पुढचा भाग आहेत, असं मला वाटतं.

कोशाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाने जोपासलेले कोश कोष्ट्यांच्या घरी येत. ते उकळायचे, त्यातून तार सोडवायची, ती उघड्या मांडीवर वळून धागा करायचा, कांड्या भरायच्या, ताण्याला मदत करायची, ही सगळी कामं बायकांची. तसरचं अंग, करवतीच्या दात्यांसारखा काठ आणि त्या काठासाठी तीन धोट्यांची वीण, ही करवत काठी साडीची ओळख. ती ओळख मागावर बसलेल्या पुरुषाच्या खात्यात जमा झाली. मजुरी साडीमागे मिळे आणि ती विणकराच्या हातात पडे. विणकर सोसायटीचा सभासदही बहुधा तोच. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचं स्वस्त कापड या पट्ट्यात पसरलं, तेव्हा हातमागाचं काय झालं यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं. माग किती उरले, ते मोजलं गेलं. एकेका मागामागे किती बायका होत्या, हे मोजायचं कुणाला सुचलं नाही.

मोजण्याची पद्धत बदलली की बायका कशा नाहीशा होतात, याचा पुरावा खुद्द जनगणनेत आहे. 1961 च्या जनगणनेत घरच्या धंद्यात रोज थोडा वेळ नियमित काम करणारीही कामकरी धरली होती. 1971 ला ‘मुख्य व्यवसाय काय’ असं विचारलं गेलं आणि देशभरात कामकरी स्त्रियांचं प्रमाण एकदम निम्म्यावर आलं. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडलं असं कुणीच मानत नाही. विचारणाऱ्याला घरातल्या पुरुषाने ‘ती घरीच असते’ असं सांगितलं असणार, आणि ती घरी होतीच, कांड्या भरत.

यावर एक सरळ आक्षेप येऊ शकतो. बिडीचं काय? 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. कारखानदार कोर्टात गेले, पण 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. 1976 च्या कल्याण निधीतून दवाखाना आणि मुलांना शिष्यवृत्ती असे लाभ आले, ओळखपत्र आलं. म्हणजे नाव लागलं होतं, तरी तिचं आयुष्य कुठे पालटलं? आक्षेप वजनदार आहे. हजार बिड्यांचा दर, त्यातून ठेकेदाराने नापास ठरवून काढलेली छाट, आणि छातीत बसणारी तंबाखूची धूळ कार्डाने थांबली नाही. पण त्या कार्डावर मुलीला शिष्यवृत्ती मिळू शकत होती आणि कागदावर ती ‘बिडी कामगाराची मुलगी’ असे. शाळेच्या दाखल्यात बापाच्या नावाखाली दबून गेलेली आई इथे पहिल्यांदा कारण म्हणून पुढे आली. शिवाय कामगार म्हणून हक्क मिळण्याची ही मागणी कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. 20 जुलै 1942 ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तेव्हा कामकरी बायकांच्या रजेचा, भरपाईचा आणि पेन्शनचा विषय ठरावात होता. बाबासाहेब आंबेडकर 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढले आणि हरले. पण मुलींना शिकवा हे त्यांचं सांगणं या पट्ट्यातल्या वस्त्यांत निवडणुकीच्या निकालापेक्षा जास्त टिकलं. 2017 मध्ये जीएसटी आला आणि बिडीवरचा कल्याण उपकर बंद झाला. तोवर बिडी वळणाऱ्यांच्या मुली कॉलेजात पोचल्या होत्या.

आता कपड्यांकडे येऊ, कारण फॅशनला हलकं मानून बाजूला सारणं सोपं असतं. नऊवारी लुगडं, मग पाचवारी पातळ, मग सलवार-कमीज आणि आता कुर्ती-लेगिंग्ज किंवा जीन्स, हा क्रम टीव्हीने आणला, ही नक्कल आहे, असं जुनी मंडळी म्हणतात. नक्कल असेलही. पण कोशाचा धागा काढणाऱ्या बाईच्या अंगावर कोशाची साडी रोज होती असं समजायचं कारण नाही. ती साडी नागपूरच्या बाजारासाठी, दुसऱ्यांच्या लग्नांसाठी विणली जाई. घरचं नेसणं जाडंभरडं सुती. म्हणजे फॅशन आधीही बाहेरचीच होती, फक्त ती ल्यायची पाळी इथल्या बाईची नव्हती. आणि नेसण्यावरून पायरी ठरते, हे महाराष्ट्राने 1927 च्या डिसेंबरात महाडला उघड पाहिलं. बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या दलित बायकांना सांगितलं की जातीची खूण पटवणारं लुगड्याचं नेसणं आणि अंगावरचे ते दागिने सोडा. बायकांनी लगेच नेसणं बदललं. त्या बदलाला कुणी नट्टापट्टा म्हणालं नाही. भंडाऱ्याच्या मुलीने ड्रेस घातला तो बहुतेक एसटी पकडायला, सायकल चालवायला, कॉलेजात कुणी गावावरून ओळखू नये म्हणून. उन्हाळ्यात डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारा दुपट्टा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून स्कूटी चालवणारी मुलगी विदर्भात जागोजाग दिसते. त्यात ऊनही आहे आणि आपल्याला कुणी न ओळखण्याची सोयही.

खरा पेच नोकरीचा. 1994 च्या महिला धोरणातून महाराष्ट्राने सरकारी नोकरीत बायकांसाठी 30 टक्के जागांचा रस्ता उघडला आणि खेड्यापाड्यांतल्या बापांना मुलीच्या शिक्षणाचा हिशेब पटला. बारावीनंतर डी.एड., मग जिल्हा परिषदेची शाळा, हे त्या पिढीचं स्वप्न. डी.एड. कॉलेजं भराभर उघडली. मग 2012 पासून शिक्षक भरती थांबली, 2013 ला शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी आली, 2017 ला अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं. स्वप्न पाहणारी मुलगी एका परीक्षेतून दुसऱ्या परीक्षेत ढकलली गेली. कोष्टी घरांवर तर आणखी एक घाव पडला. ‘हलबा’ म्हणून अनुसूचित जमातीच्या सवलती मागणाऱ्या हलबा-कोष्टींचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2000 ला अमान्य केला. तोवर पक्क्या झालेल्या नेमणुकांना दिलेलं संरक्षणही पुढे 2017 च्या निकालाने टिकलं नाही आणि डिसेंबर 2019 मध्ये असे कर्मचारी अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर ढकलले गेले. न्यायाच्या दृष्टीने खऱ्या आदिवासींच्या जागा त्यांना मिळायलाच हव्यात, यात वाद नाही. पण मागावरून उठून टेबलाशी पोचलेल्या घरातल्या मुलीला यातून काय कळलं? आजीचं काम नोंदीत नव्हतं, आपली नोंद आहे पण ती पडताळणीत अडकते.

तेव्हा कुणी म्हणेल, एवढं शिकून रांगेतच उभं राहायचं तर परत मागावर का बसू नये? करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे. राज्याच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खणाबरोबर तिचं नाव आहे. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या हातमाग कामगारांत 72 टक्के बायका निघाल्या. हा सल्ला देणारे शहरात कोशाची साडी विकत घेणारे असतात, हे सोडून देऊ. त्या 72 टक्क्यांत सिंहाचा वाटा आसामसह ईशान्येचा आहे, जिथे मागावर बाई स्वतः बसते. भंडाऱ्यात तिची जागा मागाशेजारी होती. राज्याच्या याच धोरणाने महिला विणकराला वर्षाला 15,000 रुपये उत्सव भत्ता ठरवला, पुरुषापेक्षा 5,000 जास्त. हे चांगलंच झालं, पण तो नोंदणी झालेल्या विणकराला. धागा काढणारी आणि कांड्या भरणारी आई त्या यादीत आपोआप येत नाही. दुसरीकडे प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन 2023 मध्ये 6,000 वरून महिन्याला 16,000 झालं. भत्ता म्हणजे मजुरी नव्हे, हे मान्य. तरी आंधळगावच्या मुलीने हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि टीईटीचा फॉर्म पुन्हा भरला, तर परंपरा बुडवल्याचा दोष तिच्यावर कसा येतो, ते सल्ला देणाऱ्यांनीच सांगावं.