कालसंकेत

समान कालांतराने पुनःपुन्हा निर्माण होणाऱ्या आणि घड्याळे किंवा नोंदणी-उपकरणे परस्परांशी जुळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खूणस्पंदांस कालसंकेत म्हणतात. एकेकट्या स्पंदात कोणताही मजकूर नसतो. तो केव्हा आला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून त्याचे स्थान ढळले की त्याची उपयुक्तताच संपते.

इतिहास : दूरदूरची घड्याळे जुळविण्याची निकड भारतात प्रामुख्याने रेल्वेमुळे भासू लागली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. तेथील स्थानिक वेळ मुंबईच्या सु. २५ मिनिटे पुढे, तर मद्रासच्या सु. ५ मिनिटे मागे होती. १८७० च्या सुमारास रेल्वेसाठी मद्रास वेळ प्रमाण मानण्यात येऊ लागली व तेथील वेधशाळेचा संकेत तारायंत्राने सर्वत्र पाठविला जाई. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती नागपूरच्या स्थानिक वेळेपेक्षा सु. १३ मिनिटे ४० सेकंद पुढे आहे. मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५९ मध्ये ‘एटीए’ या नावाने रेडिओ कालसंकेत सुरू केले. १० मेगॅहर्ट्‌झ ही त्यांची एक कंप्रता होती. दर सेकंदाला १,००० हर्ट्‌झ स्वराची पाच आवर्तने, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा स्पंद, प्रसृत होई. मिनिटाची खूण १०० मिलिसेकंदांची असे. ही सेवा पुढे बंद झाली.

रचना : तरंग निर्माण करणाऱ्या जनित्रात अशी पुनरावर्ती खूण बसविताना मूळ आंदोलकाचीच आवर्तने मोजतात. १,००० हर्ट्‌झच्या तरंगाची हजार आवर्तने पूर्ण होताच मोजणी शून्यावर येते व एक स्पंद सुटतो. असा दर साठावा स्पंद लांबविला की मिनिटाची खूण मिळते. खुणेसाठी स्वतंत्र आंदोलक योजल्यास दोहोंच्या कंप्रतांतील दशलक्षांश फरकही दिवसात सु. ८६ मिलिसेकंदांपर्यंत साचतो आणि खूण तरंगावरून सरकत जाते. अंकीय जनित्रात तरंगाचे नमुने स्मृतीत साठविलेले असून ठराविक क्रमांकाच्या नमुन्याशी खूण जोडलेली असते. त्यामुळे तरंगाच्या प्रत्येक पुनरावृत्तीत ती त्याच जागी उमटते.

महत्त्व : भूकंपलेखावरील कालखुणा हे याचे ठळक उदाहरण होय. भूकवचात प्राथमिक तरंग सेकंदाला सु. ६ किमी. जातात. त्यामुळे एखाद्या केंद्राची खूण एका सेकंदाने चुकली, तर त्या केंद्रापासून भूकंपाच्या उगमाचे अंतर काढताना कित्येक किमी.ची चूक होऊ शकते.